गाडीचे मेण : थेंबांवर भाळू नका

मोटारींच्या सामानाच्या दुकानात गाडीला लावायचे मेण विकताना विक्रेता एक ठरावीक प्रयोग करून दाखवतो. बॉनेटच्या वीतभर भागावर तो मेण चोळतो, मऊ फडक्याने पुसतो आणि वरून पेलाभर पाणी ओततो. जिथे मेण नाही तिथे पाणी पसरते. जिथे मेण आहे तिथे त्याचे टपोरे थेंब होतात. “पाहिलंत साहेब, अगदी मोती!” असे तो म्हणतो आणि डबी खपते. विद्यार्थी मित्रहो, मीसुद्धा अशी एक डबी घेतली आहे. पावसाळ्याचे दोन आठवडे गेले आणि मोती नाहीसे झाले.

माझे मत आधीच सांगून टाकतो. थेंब किती गोल दिसतात आणि गाडी पहिल्या दिवशी किती चमकते, या दोन गोष्टींवरून मेणाची पारख करू नये. दुकानात नेमक्या याच दोन दाखवता येतात, म्हणून त्या दाखवल्या जातात. चांगल्या मेणाचे खरे गुण महिन्याभराने कळतात, आणि ते तपासायला लागणारे बहुतेक साहित्य तुमच्या कंपासपेटीत आहे. तुमच्या घरी मोटार नसली तरी हरकत नाही. वडिलांच्या स्कूटरची टाकी, शेजारच्या काकांची रिक्षा, शाळेची व्हॅन या सगळ्यांच्या पत्र्यावर रंगच असतो.

आधी थेंब का होतो ते पाहू. पाण्याचे रेणू एकमेकांना जोराने ओढून धरतात. ज्या पृष्ठभागावर पाणी पडते त्याची ओढ या आपसातल्या ओढीच्या मानाने पुरेशी असेल तर पाणी पसरते, फारच कमी असेल तर ते गोळा होऊन बसते. मेणाचे रेणू म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या लांबलचक साखळ्या, आणि त्यांना पाण्याचे आकर्षण फार थोडे. थेंबाची कडा पृष्ठभागाशी जो कोन करते त्याला स्पर्शकोन म्हणतात. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०५ साली या कोनाचा विचार मांडला. अगदी स्वच्छ काचेवर हा कोन जवळजवळ शून्य असतो, तर पॅराफिन मेणावर तो १०५ ते ११० अंशांच्या घरात जातो.

मग थेंब गोल असला म्हणजे मेण आहे, असे म्हणायला काय हरकत आहे? हरकत अशी, की पाण्याला नकोसे वाटणारे पदार्थ पुष्कळ आहेत. बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावर खोबरेल तेलाचे बोट फिरवा आणि त्यावर पाणी सोडा. पाणी पसरायचे सोडून थेंब धरून बसेल! काही जण रॉकेल किंवा डिझेलच्या बोळ्याने गाडी पुसतात, त्यांनाही असेच थेंब दिसतात आणि पत्र्याचे रक्षण झाले असे वाटते. उलट, उत्तम मेण लावलेल्या पत्र्यावर साबणाचा पुसट थर राहिला असेल तर पाण्याचा पृष्ठताण कमी होऊन ते पसरते आणि मेण गेले असा समज होतो. जी परीक्षा नापासाला पास करते आणि पासाला नापास, तिच्यावर पैसे का घालवावेत?

शिवाय थेंब गोल होऊन जागच्या जागी बसून राहिला तर तो गुण समजायचा की दोष? पुष्कळ ठिकाणी गाडी विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने धुतात. हे पाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पत्र्यावर बसलेला थेंब उन्हात आटतो, क्षार मागे राहतात आणि पांढरी गोल चकती उमटते. पसरलेल्या पाण्याचे क्षार मोठ्या जागेवर विखुरतात, थेंबातले मात्र एकाच जागी साचतात. म्हणजे नुसता गोल थेंब उपयोगाचा नाही, तो घसरून गेला पाहिजे.

अळूच्या पानावर पाणी टाकून पाहा. थेंब तिथे नुसता गोल राहत नाही, पान जरा हलले की धूळ गोळा करत घरंगळतो. कमळाच्या पानाचेही तसेच. या पानांवर मेणाचा थर तर असतोच, पण डोळ्यांना न दिसणारे असंख्य बारीक उंचवटेही असतात, आणि थेंब त्यांच्या टोकांवर जणू हवेवरच टेकलेला असतो. तिथे स्पर्शकोन १५० अंशांच्या पुढे जातो. बार्थलॉट आणि नाइनहुइस या दोन जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये ही गोष्ट नीट उलगडून दाखवली. गाडीचा रंग मात्र गुळगुळीत असतो, नाहीतर तो चमकलाच नसता. गुळगुळीत पृष्ठभागावर कोणतेही रसायन लावले तरी स्पर्शकोन सुमारे १२० अंशांपलीकडे नेता येत नाही. तेव्हा डबीवर कमळाचे चित्र असले तर ते चित्र म्हणूनच पाहावे.

आता चमकेकडे वळू. येथे जास्त फसगत होते आणि नुकसानही जास्त होते. रंगाचा पृष्ठभाग सपाट असेल तर प्रकाशाचे नियमित परावर्तन होते आणि त्यात तुम्हाला तुमचा चेहरा दिसतो. धुळकट फडक्याने पुसून पुसून त्यावर बारीक ओरखडे पडले की प्रकाश वाटेल तसा विखुरतो आणि रंग पांढुरका, थकलेला दिसतो. नदीतला ओला गोटा गडद आणि चमकदार दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो, ते आठवा. पाणी त्याच्या खाचा भरून काढत असते. मेणही तेच करते. त्याचा अपवर्तनांक रंगाच्या अपवर्तनांकाच्या बराच जवळ असल्याने भरलेला ओरखडा नजरेत येत नाही. तो बुजलेला नसतो, झाकलेला असतो.

ओरखडे घालवायचा दुसरा मार्ग म्हणजे सभोवतालचा रंगच घासून खाली आणणे. रबिंग पॉलिशमध्ये बारीक अपघर्षक पूड असते ती याचसाठी. काही ‘मेणां’तही ही पूड घातलेली असते, आणि पहिल्या दिवशी ती फारच छान चमक देतात. जुन्या फियाट किंवा अँबॅसडर गाडीला पॉलिश करताना फडक्यावर गाडीचा रंग उतरायचा आणि काय चालले आहे ते मालकाला दिसायचे. आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक लेप असतो, ज्याला डेंटिंग-पेंटिंगवाले क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे तुमच्या डोक्यावरच्या केसाहूनही बहुधा कमी. तो झिजला तरी फडके स्वच्छच राहते, कारण झिजणाऱ्या पदार्थाला रंगच नाही. फडक्यावर काही आले नाही म्हणून निश्चिंत राहू नका.

मेणात अशी पूड आहे की नाही हे कसे ओळखायचे? घरात टाकून दिलेली एखादी सीडी असेल. तिच्या चकचकीत बाजूच्या अर्ध्या भागावर कापसाने थोडे मेण वीस-पंचवीस वेळा हलक्या हाताने चोळा. उरलेल्या अर्ध्या भागावर तसाच नवा, कोरडा कापूस तितक्याच वेळा आणि तितक्याच दाबाने फिरवा. मग दोन्ही भाग उन्हात तिरपे धरून पाहा. दुसरा भाग का घासायचा, असे कोणी विचारील. कापसानेसुद्धा बारीक रेषा पडू शकतात, आणि त्यांचे खापर मेणावर फोडणे योग्य नाही. मेणाकडच्या रेषा स्पष्टपणे जास्त असतील तरच ते मेण दोषी.

मेण कशाचे आहे यालाही महत्त्व आहे. मधमाशांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. मेणबत्तीतले पॅराफिन मेण प्रकारानुसार ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान वितळते. आता मे महिन्यात भर दुपारी उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या टपावर हात ठेवायला जा. ठेववणार नाही! त्या पत्र्याचे तापमान ६० अंशांच्या पुढे सहज जाते. अशा पत्र्यावर मऊ मेण चिकट होते आणि धूळ धरून ठेवते. म्हणून नावाजलेल्या मेणांत कार्नोबा नावाचे मेण वापरतात. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या प्रदेशात एक ताड जातीचे झाड वाढते. पानांतले पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड पानांवर मेणाचा लेप चढवते. पाने तोडून वाळवतात, झोडपतात आणि सुटलेला भुगा वितळवून गाळतात. वनस्पतिजन्य मेणांत कठीण म्हणून हे प्रसिद्ध आहे, आणि त्याचा द्रवणांक ८२ ते ८६ अंश आहे. गोळ्या-चॉकलेटांवरची चकाकीही पुष्कळदा याचीच असते, म्हणजे तुम्ही ते खाल्लेलेही असेल.

पण डबीवर ‘१०० टक्के कार्नोबा’ असे छापलेले दिसले तर थोडे थांबा. शुद्ध कार्नोबा दगडासारखे कठीण आणि ठिसूळ असते, ते फडक्याने पसरवणे शक्य नाही. डबीतली मऊ लापशी तयार करण्यासाठी त्यात पेट्रोलियमजन्य द्रावक, तेले आणि बहुधा दुसरी मेणेही घालावी लागतात. लावल्यावर पत्र्यावर जो पांढुरका थर सुकतो तो द्रावक उडून गेल्यामुळे. तेव्हा त्या १०० टक्क्यांचा अर्थ फार तर ‘वापरलेले कार्नोबा भेसळीचे नाही’ एवढाच होऊ शकतो. मिश्रणाचा द्रवणांक शुद्ध कार्नोबापेक्षा कमी असतो हेही ओघाने आलेच.

सिलिकोनचे तेल मिसळलेले मेण सहज पसरते आणि चकाकतेही. त्याचा तोटा पुढे कधीतरी रंगकाम करताना कळतो. ते तेल पत्र्यावर राहिले तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात आणि पेंटर वैतागतो. हल्ली कृत्रिम बहुवारिकांचे लेप आणि सिलिकायुक्त सिरॅमिक कोटिंगही मिळते. सिरॅमिक लेप रंगाला घट्ट धरतो आणि मेणापेक्षा बराच जास्त टिकतो, पण महाग पडतो आणि चुकीचा लावला तर काढणे कठीण. तेही जादू नव्हे. मेणाचा पुसून उरलेला थर तर मायक्रॉनभर किंवा त्याहूनही पातळ असतो. खडा उडून लागला तर तो काय अडवणार? पक्ष्याची विष्ठा, झाडाचा चीक, धूळ रंगाला थेट चिकटू न देणे आणि धुताना ती सहज सुटू देणे, एवढेच मेणाचे काम आहे.

हे काम ते किती दिवस करते, हाच खरा प्रश्न. त्यासाठी रंगीत पत्र्याचे एखादे मोठे झाकण घ्या. साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून ते वाळवा. खिळ्याने रेघा ओढून चार पट्टे करा. एकावर काही लावू नका, दुसऱ्यावर खोबरेल तेल, तिसऱ्यावर आणि चौथ्यावर दोन निरनिराळी मेणे. प्रत्येक पट्ट्यावर ड्रॉपरने एकेक थेंब सोडा आणि मोजपट्टीने त्याची रुंदी मोजा. थेंब तेवढाच असेल तर जितका अरुंद तितका स्पर्शकोन मोठा. नेहमीच्या ड्रॉपरचे सुमारे २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. असा एक थेंब चांगल्या मेणावर ६ मिलिमीटरच्या आसपास, तर उघड्या रंगावर ७-८ मिलिमीटर किंवा जास्त भरेल. मग झाकण हळूहळू तिरपे करा आणि थेंब कोणत्या कोनात घसरतो ते कोनमापकाने टिपा. हा आकडा रुंदीपेक्षा मोलाचा आहे आणि दुकानात कोणी दाखवत नाही.

यानंतर झाकण गच्चीवर उन्हात ठेवा. दर आठवड्याला साबणाच्या पाण्याने सारख्या वेळा पुसा, साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, वाळवा आणि पुन्हा मोजा. आलेख काढा. तेलाचा पट्टा बहुधा पहिल्या-दुसऱ्या धुण्यातच निकालात निघेल. दोन मेणांत फरक पडायला पाच-सहा आठवडे लागतील, तोवर धीर धरा. कपड्यांची पावडर वापराल तर दोन्ही लवकर उतरतील, कारण त्या पावडरीतला सोडा मेणाला सोडत नाही. अर्थात तोही एक स्वतंत्र प्रयोग होईल.

शिक्षकांना एक विनंती. कोणता पट्टा कशाचा हे मोजणाऱ्या विद्यार्थ्याला सांगू नका. महागडे मेण कोणते ते ठाऊक असले की मोजपट्टीवरचा अर्धा मिलिमीटर कुणीकडे धरायचा ते मन आपोआप ठरवते. मेणातला द्रावक पेट घेणारा असतो, म्हणून डबी बर्नरजवळ नको आणि वर्गाच्या खिडक्या उघड्या असाव्यात.

डबीवर तीन गोष्टी छापल्या जाव्यात असे मला वाटते : आत अपघर्षक आहे की नाही, सिलिकोन आहे की नाही, आणि साध्या साबणाच्या किती धुण्यांपर्यंत मेण टिकते. सुवासाबद्दल आणि आरशासारख्या चमकेबद्दल पुष्कळ लिहिलेले असते, त्यातली थोडी जागा यासाठी सहज निघेल. तोपर्यंत लहानात लहान डबी घ्या, एका झाकणावर लावून पाहा आणि मगच बॉनेटला हात लावा. लावताना गाडी सावलीत आणि पत्रा थंड असू द्या, थर शक्य तितका पातळ ठेवा. जाड थर लावला तरी पुसताना जास्तीचे मेण फडक्यावरच येते.