तबकडीची दुसरी बाजू

दिवाळीला आमचा पोरगा बेंगळुरूहून आला तो एक लाँगप्ले घेऊन. माळ्यावरचा माझ्या वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर त्याने खाली काढला, पुसला, दुरुस्त करून आणला. सुई टेकली मात्र, स्वयंपाकघरातून आमच्या धारवाडच्या मंडळींचा आवाज आला, "एनपा ई गद्दल!"

गद्दल म्हणजे पंक रॉक. वाजवणारे मँचेस्टरचे बझकॉक्स आणि तबकडीचं नाव ‘सिंगल्स गोइंग स्टेडी’. १९७७ ते १९७९ या काळात त्यांच्या आठ छोट्या तबकड्या निघाल्या होत्या. अमेरिकेतल्या श्रोत्यांना ओळख व्हावी म्हणून १९७९ च्या सप्टेंबरात त्यांतली सोळाही गाणी एकत्र केली. पहिल्या बाजूला आठ मुख्य गाणी, दुसऱ्या बाजूला त्यांच्या पाठची आठ, निघाली त्याच क्रमाने. इंग्लंडमध्ये हा संग्रह १९८१ साली आला, तोवर बँड मोडला होता. पहिल्या गाण्याचं नाव मात्र विचारू नका. बीबीसीनेसुद्धा ते वाजवलं नव्हतं आणि हे पान घरात सगळेच वाचतात!

मला वाटलं होतं, नुसता आरडाओरडा असेल. पण बहुतेक गाणी प्रेमाची, तीही फसलेल्या प्रेमाची. ती लिहिणारा पीट शेली (२०१८ साली तो वारला) गाण्यात ‘तो’ की ‘ती’ हे मुद्दाम येऊ देत नसे. ऐकणारा कुणीही असो, गाणं त्याचं व्हावं म्हणून. पोरगा म्हणाला, "बाबा, मराठीत हे अवघड आहे. ‘येतो’ म्हणा नाहीतर ‘येते’, लगेच कळतं. कन्नडमध्ये ‘बर्तीनि’ म्हटलं की झालं." दोन भाषांच्या घरात वाढलेल्या पोरालाच हे सुचायचं.

मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. मोठी कंपनी मिळण्याआधी, १९७६ च्या डिसेंबरात, या पोरांनी चार गाणी काही तासांत ध्वनिमुद्रित केली. ती छापायला घरच्यांकडून आणि मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेतले, स्वतःचंच लेबल काढलं आणि १९७७ च्या जानेवारीत पहिल्या हजार प्रती काढल्या. त्या हातोहात खपल्या.

मी गप्प बसलो. कारण कॉलेजात असताना यानेही माझ्याकडे वीस हजार मागितले होते. चार मित्रांचा बँड, तीन कन्नड गाणी, एक मराठी. बेळगावातच ध्वनिमुद्रण करायचं होतं. "आधी सेमिस्टर सुटू दे," म्हणून मी विषय संपवला. पैसे नव्हते असं नाही. त्याच वर्षी आम्ही हॉलला नवीन फरशी बसवली. खरं सांगायचं तर ती गाणी मी एकदाही ऐकून घेतली नव्हती.

तो हे सगळं टोमणा म्हणून सांगत नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी विचारलं, "अजून करायचं का रे? पैसे मी देतो."

तो हसला. "आता कुणाबरोबर, बाबा? ड्रमवाला कॅनडात, गिटारवाला हुबळीत दुकान बघतो."

मंडळी, तुमच्याकडे कुणी असं काही मागायला आलं तर पैसे द्या न द्या, तो तुमचा प्रश्न. पण ‘नाही’ म्हणण्याआधी निदान ऐकून घ्या. मी एवढंही केलं नाही.

"तुझं ते मराठी गाणं तरी म्हणून दाखव," मी म्हटलं. त्याला पहिलं कडवंच आठवत होतं. ते त्याने हळू आवाजात म्हटलं, मग उठून तबकडी उलटली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून पुन्हा आवाज आला, "ई कडीदु छलो ऐति!"

पोरगा परत गेला. तबकडी इथेच ठेवून गेलाय. बाकीची कडवी आठवली की फोन करतो म्हणालाय.