श्रोते लाखांत, मिळकत शेकड्यांत

घराघरांत सध्या एक नवाच प्रश्न येऊन उभा राहिला आहे. मुलगी बऱ्यापैकी गाते, स्वतःच्या चाली बांधते, पदवीही हातात आली आहे. आणि आता ती म्हणते, ‘मला नोकरी नको, मी माझी गाणी इंटरनेटवर टाकीन आणि त्यावरच जगेन.’ आईवडिलांना हा पोरखेळ वाटतो, आणि मुलीला आईवडील मागच्या शतकातले वाटतात. संगीत आणि त्यामागचे अर्थकारण या विषयावर मी काही वर्षे लिहीत असल्याने अशा घरांतून हमखास विचारणा होते: यात खरोखरच पोट भरते का?

उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल.

गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये नेहमीच कोणीतरी उभा असतो. एकेकाळी तो संस्थानिक होता. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि राजाश्रयाऐवजी लोकाश्रयावर संगीत जगवण्याचा मार्ग धरला. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात गौहरजानचा आवाज ध्वनिमुद्रिकेवर उतरला आणि संस्थानिकाच्या जागी ग्रामोफोन कंपनी आली. मग आकाशवाणी, मग चित्रपट. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि कंपन्यांची मक्तेदारी ढिली पडली. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज गावोगावच्या टपऱ्यांवरून ऐकू येऊ लागला, तो याच कॅसेटमुळे.

२००५ मध्ये यूट्यूब आले, तेव्हा अनेकांना वाटले की मधला माणूस आता संपला. हे अर्धे खरे आहे. आज घरच्या खोलीत, साध्या संगणकावर ध्वनिमुद्रण होते आणि गाणे जगभर पोचवायला कोणाचीही चिठ्ठी लागत नाही. जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोड या तरुणाचे ‘गुलाबी साडी’ हे गाणे २०२४ मध्ये चित्रपटाच्या कुबडीशिवाय महाराष्ट्राबाहेर गाजले. वीस वर्षांपूर्वी हे अशक्यप्राय होते.

पण दार उघडे झाले म्हणजे आत पंगत मांडलेली असतेच असे नाही.

यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा हवा असेल तर किमान १००० वर्गणीदार आणि वर्षभरात ४००० तास पाहिले गेल्याची नोंद लागते. किंवा मग छोट्या चित्रफिती नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिल्या जाव्या लागतात. ही पायरी चढली की मोठ्या चित्रफितींच्या जाहिरातींतला ५५ टक्के वाटा कलावंताला मिळतो. मात्र नवोदितांतले बरेचसे दुसऱ्यांची चित्रपटगीते गाऊन प्रेक्षक जमवतात. तिथे गाणे आपोआप ओळखणारी यंत्रणा बसवलेली असते. तिने गाणे ओळखले की जाहिरातीचा पैसा बहुतेकदा त्या गाण्याच्या मालक कंपनीकडे वळतो. टाळ्या गाणाऱ्याला, पैसे कंपनीला!

स्पॉटिफायसारख्या सेवांचे गणित आणखी वेगळे आहे. २०१९ मध्ये ही सेवा भारतात सुरू झाली. आपण महिन्याची वर्गणी भरतो तेव्हा आपल्याला वाटते, मी ज्याला ऐकतो त्याला माझे पैसे जातात. तसे होत नाही. सगळ्यांचे पैसे एका हौदात जमा होतात. त्यातला सुमारे दोनतृतीयांश भाग हक्कधारकांसाठी निघतो आणि कोणाचे गाणे एकूण किती वेळा वाजले, त्या प्रमाणात तो वाटला जातो. म्हणजे मी महिनाभर एकाच गायिकेचा मारवा ऐकला, तरी माझ्या वर्गणीचा मोठा भाग ज्यांची गाणी कोट्यवधी वेळा वाजतात त्यांच्याकडेच जातो. शिवाय तीस सेकंद ऐकले की एक ‘ऐकणे’ धरले जाते. तीन मिनिटांचे गाणेही एक आणि चाळीस मिनिटांचा ख्यालही एकच! आणि २०२४ पासून, मागच्या बारा महिन्यांत १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला स्पॉटिफायकडून ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळतच नाही.

मिळकतीपेक्षाही मोठा धोका मला दुसरीकडे दिसतो. हा श्रोतृवर्ग कलावंताचा नसतो, तो त्या कंपनीचा असतो. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. बंदीची राजकीय कारणे काहीही असोत. खेड्यापाड्यांतल्या अनेक कलावंतांनी कष्टाने जमवलेला चाहतावर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. त्यांच्याकडे ना कोणाचा फोन नंबर होता, ना पत्ता. दुकान चालत होते, पण जागा भाड्याची होती.

मग हा मार्ग कोणाला साधतो? श्रोत्यांशी थेट नाते जोडणाऱ्याला. २००७ मध्ये रेडिओहेड या ब्रिटिश बँडने ‘इन रेनबोज’ हा अल्बम ‘किंमत तुम्हीच ठरवा’ म्हणून विकला. पण ते आधीच नावाजलेले होते. २०१२ मध्ये अमांडा पामर या अमेरिकन गायिकेने एक लाख डॉलर मागितले, तर सुमारे पंचवीस हजार लोकांनी मिळून बारा लाखांच्या आसपास डॉलर दिले. दुसरी बाजूही पाहू. कलावंतांना दरमहा आश्रय मिळवून देणारी ‘पेट्रिऑन’ ही सेवा जॅक काँटे या संगीतकाराने २०१३ मध्ये सहकाऱ्यासह उभारली. २०१४ मध्ये त्याच्याच ‘पॉम्पलामूस’ या जोडीने अमेरिकेत २८ दिवसांचा दौरा केला. कार्यक्रमांना गर्दी झाली, आणि हिशेब मांडला तेव्हा ११,८१९ डॉलरचा तोटा निघाला. हा हिशेब त्याने स्वतः जाहीर केला. इंटरनेटवर नाव कमावलेल्यांचे हे उदाहरण आपल्या मुलांना अवश्य सांगावे.

केविन केली या अमेरिकन लेखकाने २००८ मध्ये मांडले की कलावंताला लाखो चाहते लागत नाहीत. वर्षाला शंभर डॉलर देणारे हजार सच्चे चाहते पुरे. आपल्या हिशेबात बसवायचे तर हजार घरांनी वर्षाला ५०० रुपये दिले तरी पाच लाख होतात. श्रीमंती नाही, पण संसार चालेल. मात्र हे हजार जण एकेक करून जोडावे लागतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर इंटरनेटवरून शिकवण्याची रीत रुळली. अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या मराठी घरातली मुले पुण्या-मुंबईच्या गुरूंकडून शिकू लागली. शिकवणी, छोट्या बैठका, दोनचार कार्यक्रम आणि त्यांना धरून जाहिरातींचे थोडेसे उत्पन्न, अशी गोधडी शिवावी लागते. एका ठिगळाने थंडी जात नाही.

कायद्याचेही भान हवे. गाण्यात दोन हक्क असतात: शब्द आणि चालीचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मानधनातला वाटा सोडून न देता येण्याजोगा हक्क दिला. जावेद अख्तर यांनी त्यासाठी जिवाचे रान केले होते. पण पहिल्याच भेटीत ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क कोणाला लिहून दिले, तर स्वतंत्र कलावंत स्वतंत्र उरतो कुठे?

भरीस भर म्हणून आता यंत्रेही गाणी रचू लागली आहेत. डीझर या फ्रेंच कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले की त्यांच्याकडे रोज येणाऱ्या गाण्यांपैकी सुमारे १८ टक्के पूर्णपणे यंत्रनिर्मित असतात. हौदातले वाटेकरी वाढतच जाणार.

तेव्हा आईवडिलांना माझे सांगणे इतकेच, की मुलीला अडवू नका, पण ‘किती लोकांनी पाहिले’ हे विचारायचे सोडून द्या. त्याऐवजी विचारा: तुला नावाने ओळखणारे श्रोते किती? त्यांचा पत्ता तुझ्या वहीत आहे का? गाण्याचे हक्क कोणाच्या नावावर आहेत? आणि दोन-तीन वर्षे मिळकत झाली नाही तर दुसरा आधार काय?

आणि आपण श्रोते? फुकट ऐकण्याची सवय आपल्याला इतकी जडली आहे की दीडशे रुपयांची कॉफी आपण सहज पितो, पण आवडत्या गायकाचे शंभर रुपयांचे तिकीट महाग वाटते. राजाश्रय गेल्याला कित्येक दशके लोटली. लोकाश्रय म्हणतात तो आपलाच. आणि तो नुसत्या अंगठ्याच्या खुणेने दिला जात नाही, त्यासाठी खिशात हात घालावा लागतो.