डबा, पावती आणि परवानगी



गेल्या श्रावणातली गोष्ट. बेलपाड्यातल्या आमच्या गटातली एक जण रात्री साडेदहाला दोन मुलांना घेऊन माझ्या दारात आली. अंगावरची साडी आणि हातात मुलीचं दप्तर, एवढंच बरोबर. खारघरमधल्या तीन घरांत ती धुणीभांडी करते. नवऱ्याने मारून बाहेर काढलं होतं. परत जायचं नाही हे तिचं तिनंच ठरवलेलं होतं. आम्ही समजावण्याची वेळच आली नाही. प्रश्न होता खोलीचा. चाळीतल्या एका खोलीला पंधरा हजार डिपॉझिट मागत होते.

पुढच्या रविवारी आम्ही पाच जणी स्टीलचा डबा घेऊन निघालो. तिचं नाव कुठेही घ्यायचं नाही, असं ठरलेलं. तीन इमारती नीट पार पडल्या. चौथ्या सोसायटीच्या फाटकात एक पदाधिकारी आडवे आले. परवानगी आहे का? पावतीपुस्तक? नोंदणी क्रमांक? आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. "मग ही भीकच झाली की," ते म्हणाले. आमच्यातल्या एक मावशी मूळच्या इथल्याच, जमीन सिडकोत गेलेली. त्या उसळल्या, "इथं आमचं भात पिकायचं. आणि आम्ही भिकारी?" वॉचमनने फाटक लावून घेतलं.

संध्याकाळी त्याच इमारतीतल्या एक बाई खाली आल्या. पाचशेची नोट हातावर ठेवत म्हणाल्या, "ताई, ते बोलले ते वाईटच बोलले. पण पावती मागितली हे काही चूक नाही. मागे अनाथाश्रमाच्या नावाने दोघे जण येऊन गेले. सगळ्यांनी दिले पैसे. तो आश्रम कुठे आहे, हे अजून कुणाला कळलेलं नाही."

मला त्या बाईंचं म्हणणं जास्त लागलं. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा परीक्षेपुरते पाठ केलेले. आणि तरी वस्तीत डबा फिरवताना कायदा काय म्हणतो हे मला नेमकं सांगता आलं नाही. घरी जाऊन वाचलं, तेच इथे मांडते.

१९५० चा कायदा मूळचा मुंबई राज्याचा. आता त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आहे. त्याखाली नोंदलेली संस्था आपल्या उद्देशांसाठी देणग्या घेते, तो तिचा नेहमीचा व्यवहार. पण नोंदणी नसलेल्या मंडळाला किंवा गटाला धार्मिक किंवा धर्मादाय कारणासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल, तर कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. ती तात्पुरती असते आणि काम झाल्यावर हिशेब द्यावा लागतो. परवानगी न घेता वर्गणी केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद आणि जमवलेल्या रकमेच्या दीडपटीपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम आपल्याकडे चर्चेत येतं ते गणपतीच्या तोंडावर, मंडळांनी परवानगी घ्यावी असं आवाहन पेपरात छापून येतं तेव्हा. महिला गटांनाही ते लागू असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बेलपाडा स्थानकावरून मेट्रोने बेलापूर दोन स्थानकं. पण बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि आम्ही पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. आमचं धर्मादाय कार्यालय अलिबागला. धुणीभांडी करणाऱ्या बाईने अलिबागला जाऊन यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली, वर तीन घरची बोलणी. आता अर्ज ऑनलाइन करता येतो, ही सोय खरीच मोठी आहे. पण कागदपत्रं स्कॅन करून चढवायला आमच्या बायका शेवटी झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराकडेच जातात.

आता त्या 'भीक' शब्दाबद्दल. तो नुसता अपमान नव्हता. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक जागी हात पसरणं हा गुन्हा ठरवला. त्या व्याख्येतून सूट मिळाली ती कायद्याने किंवा अधिकाऱ्याने मंजूर केलेल्या कारणासाठी पैसे मागणाऱ्यांना. म्हणजे मावशींचा डबा आणि स्टेशनबाहेर बसलेल्या म्हातारीचा कटोरा यांत कायद्याला दिसणारं अंतर एका कागदाचं! (त्या म्हातारीने मागणं हा गुन्हा का असावा, यावर एक वेगळा अंक काढायला हवा.)

मागण्याची लाज आपल्या चळवळीला कधी नव्हती. हिंगण्याच्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले या विधवा बाई गावोगाव फिरून निधी जमवत. त्या अमेरिकेलाही गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. १८८७ साली पंडिता रमाबाईंसाठी बॉस्टनमध्ये मंडळ उभं राहिलं, त्याने दहा वर्षं मदतीची हमी घेतली आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. ज्यांच्या हाती ना इस्टेट ना सत्ता, त्यांना काम उभं करायला दुसऱ्याच्या दारात जावंच लागतं. म्हणून मागण्यावरचे नियम हा आपल्याला वकिलावर सोडून देता येणारा विषय नाही.

माझ्या मते सगळे नियम एका मापाने मोजू नयेत. पैसे कुणाकडून घेतले, कशावर खर्च केले, उरले किती, हे विचारणारा नियम आपल्या बाजूचा आहे. भिशीत बुडालेल्या बायका आपल्यातच आहेत. हिशेब न देणारा माणूस काय करतो ते त्यांना विचारा. पण खर्च कसा करायचा हेही सरकारच ठरवू लागतं, तेव्हा कान टवकारायला हवेत. परदेशी देणग्यांचा कायदा पहिल्यांदा झाला १९७६ मध्ये, आणीबाणीत. २०१० मध्ये नवा आला. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली, एका संस्थेने दुसरीला तो पैसा देणं बंद केलं आणि अशा सगळ्या देणग्या आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या एकाच शाखेत जमा करण्याची सक्ती केली. आणि प्रशासकीय खर्च म्हणजे काय? कार्यालयाचं भाडं, फोन, वकिलाची फी, अहवाल लिहिण्याचा खर्च. मारहाणीच्या केसेस लढवणाऱ्या संस्थेला वकिलाची फी म्हणजे वरखर्च का?

अमेरिकेत शिकागोजवळच्या शॉमबर्ग गावाने असाच एक नियम केला होता. जमलेल्या पैशातला ७५ टक्के भाग थेट धर्मादाय कामावर खर्चणाऱ्यांनाच घरोघर मागण्याचा परवाना. १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. माहिती गोळा करणं, लोकांशी बोलणं, बाजू मांडणं हेच ज्यांचं काम, त्यांचा बहुतेक पैसा माणसांच्या पगारावरच जाणार. अशा नियमाने त्यांचं तोंडच बंद होईल, असा त्या निकालाचा आशय. फसवणूक थांबवायची तर फसवणाऱ्याला पकडा आणि हिशेब उघडा करायला लावा.

आमच्या बैठकीत यावर दोन तास वाद झाला. एक जण म्हणाली, "आज मदत करायची परवानगी मागायची, उद्या नाही म्हणाले तर?" तिची भीती मला खोटी वाटत नाही. तिसरी म्हणाली, सरळ संस्थाच नोंदवू या. पण दरवर्षीचा ताळेबंद, लेखापरीक्षण, विश्वस्त बदलले की बदल अर्ज, हे सांभाळेल कोण? पाच जणींचा गट त्या कागदांखालीच दबायचा. तूर्त ४१ क चा अर्ज करायचा, असं ठरलं.

अडचण आली ती कारण लिहिताना. खरं कारण लिहावं तर तिची ओळख उघडी पडते, आणि तिचा नवरा दोन गल्ल्या पलीकडेच राहतो. शिवाय एकाच व्यक्तीसाठी जमवलेला पैसा सार्वजनिक काम कसा म्हणायचा? कायद्यातल्या धर्मादाय उद्देशांत दारिद्र्य किंवा संकट निवारण आहे, त्याचा आधार घेतला. "घरातल्या हिंसेमुळे बेघर झालेल्या स्त्रियांना निवाऱ्यासाठी तातडीची मदत," असं लिहिलं. तिचं नाव अर्जात नाही, पावतीवर नाही, फलकावरच्या हिशेबातही येणार नाही.

त्या रविवारी मात्र डबा परवानगीविना फिरला, ते मी इथे लिहून ठेवते. जमले ११,३४०, त्या बाईंचे पाचशे धरून. उरलेले ३,६६० बचत गटातून कर्जाऊ घेतले. ती महिना तीनशेने फेडते आहे. पैसे देणाऱ्या ज्या घरांची आठवण होती, तिथे पुन्हा जाऊन हा हिशेब दाखवून आलो. चौथ्या सोसायटीच्या फाटकात एक प्रत ठेवली.

अर्ज गेला आहे. काय होतं ते पुढच्या अंकात कळवते. अर्जाचा आणि पावतीचा नमुना कुणाला हवा असेल तर पत्र टाका; आणि तुमच्या गटाने ही परवानगी आधी काढली असेल, तर काय अडलं तेही लिहा.