‘तत्कालीन’ या शब्दाची सोय

हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीवर परीक्षेत प्रश्न आला, की उत्तराचे पहिले वाक्य ठरलेले असते. ‘या कादंबरीत तत्कालीन समाजातील स्त्रीच्या दुःस्थितीचे प्रभावी चित्रण आले आहे.’ वाक्य खोटे नाही आणि त्याला गुणही मिळतात. माझी तक्रार त्यातल्या एका शब्दाबद्दल आहे. ‘तत्कालीन’ म्हटले की आपण मोकळे होतो. यमू सोसून गेली ती तेव्हा, तिचे केस उतरवले ते तेव्हा. आपण पुस्तक मिटावे आणि वर्गाबाहेर पडावे. मला वाटते, या कादंबऱ्या आपल्याला इतक्या स्वस्तात सोडावयास तयार नाहीत. बालविवाह आणि केशवपन हे त्यांचे प्रसंग झाले. त्यांचा खरा विषय असा, की माणसाच्या लग्नाचा निर्णय कोण करतो, आणि ज्याचे लग्न त्याला विचारावयाचे असते हे कोणाच्या ध्यानात तरी येते का?

या विषयाशी आपल्या गावाचा संबंध जुना आहे. मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा एकच वर्ष झाले होते. तिचे लेखक बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावचा. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासाला निघतात आणि वाटेत त्यांना जागोजागी विधवांच्या कहाण्या ऐकावयास मिळतात. पुढे यमुनाच विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुन्हा लग्न करते. धर्मप्रसाराचा हेतू उघड आहे आणि कलाकृती म्हणून पुस्तक बेताचेच. परंतु बाईची हकीकत तिच्याच तोंडून ऐकून घ्यावी, ही गोष्ट आपल्या गद्यात या बेळगावकराने आणली.

हरिभाऊंनी ती पुरी केली. त्यांची कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली. संमतिवयाचा कायदा झाला तो १८९१ साली. त्याने मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली आणि तेवढ्यावरून पुण्यात केवढे रणकंदन माजले! कादंबरी चालू असतानाच हे चालले होते. पण हरिभाऊंनी वादात न शिरता यमूलाच बोलावयास लावले.

आता एका गोष्टीकडे बारकाईने पाहावे. यमूचा नवरा वाईट नाही. रघुनाथराव तिला लिहावयास-वाचावयास उत्तेजन देतात, मुंबईस बरोबर नेतात. तिथले दिवस तर या कादंबरीतले सर्वांत आनंदाचे. वाईट नवऱ्याची कहाणी लिहिणे सोपे होते. यमूची मैत्रीण दुर्गी हिच्या वाट्याला तशी कहाणी आलीच आहे. हरिभाऊंनी नायिकेला मात्र चांगला नवरा दिला आणि मग तो नेला. तो जाताच शिक्षण, मुंबई, मित्रमंडळ सारे एका दिवसात गेले आणि ती सासरच्या शंकरमामंजींच्या हाती सापडली. म्हणजे ते सुख तिचे नव्हतेच, नवऱ्याच्या चांगुलपणावर मिळालेले होते. आजही मुलीचे लग्न ठरले की घरोघरी म्हणतात, ‘नशीब काढलंस पोरी, शिकू देणारी माणसं आहेत.’ यातल्या ‘देणारी’ या शब्दावर थोडे थांबा. सवा शतकापूर्वी हरिभाऊंनी याच शब्दावर बोट ठेवले होते. शिकू देणारा माणूस उद्या नाही म्हणाला तर?

इंग्रजी घेतलेल्या विद्यार्थ्यांना जेन ऑस्टिनची १८१३ सालची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ठाऊक असेल. तिच्यातली सत्तावीस वर्षांची शार्लट त्या रटाळ कॉलिन्सला डोळे उघडे ठेवून होकार देते, कारण डोक्यावर छप्पर हवे. वर्गात आपण याला उपरोध म्हणतो. निपाणीकडच्या एखाद्या मुलीला तो उपरोध न वाटता स्थळाचा हिशेब वाटला, तर तिचे वाचन चुकले असे मी म्हणणार नाही. फरक एवढाच, की एलिझाबेथला त्याच कॉलिन्सला नकार देता आला. यमूपाशी तो शब्दच नव्हता.

शब्दांवरून आठवले. मराठीत मुलगा ‘लग्न करतो’ आणि मुलीचे ‘लग्न होते’, किंवा ते ‘करून देतात’. मुलगी ‘देतात’, सून ‘करून घेतात’. कन्नडमध्ये तरी निराळे आहे काय? तिथेही ‘हेण्णु कोडोदु’, मुलगी द्यायची. ‘मदुवे माडि कोट्टरु’, लग्न करून दिले. इतर बाबतींत आपल्या दोन्ही भाषांचे कितीही भांडण असो, या एका मुद्द्यावर त्यांचे पूर्ण एकमत आहे!

कोणी म्हणेल, आता कायदे आहेत, मुलीची पसंती विचारतात. विचारतात, हे खरे. पण केव्हा? देण्याघेण्याचे बोलणे होऊन, मामा-काकांनी घर पाहून, तारखेचा अंदाज घेऊन झाल्यावर. तोपर्यंत तिच्या ‘नाही’ला चार माणसांच्या अपमानाचे मोल आलेले असते. हुंड्यास बंदी करणारा कायदा १९६१ सालचा आहे. त्याने हुंडा गेला नाही, त्याचे नाव तेवढे बदलले.

कायदा मागे आणि कादंबरी पुढे, असेही आपल्याकडे घडले आहे. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने १९३३ साली खळबळ उडवली आणि पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ आली. तिच्यातली अचला ही नवऱ्याने टाकलेली. विरागवर तिचे प्रेम आहे, परंतु हिंदू स्त्रीला तेव्हा घटस्फोटाची वाटच नव्हती. लग्नावाचून एकत्र राहण्याचा तिचा निर्णय लोकांना झोंबला. तिला दुसरी वाट कोणती होती, हे मात्र फार थोड्यांनी विचारले. मुंबई प्रांताने घटस्फोटाचा कायदा केला १९४७ साली. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. तेव्हा देशभराचा १९५५ चा हिंदू विवाह कायदा येण्याआधीच इथल्या एखाद्या अचलेला कोर्टाची पायरी चढता आली असती. चढली असती का, हा प्रश्न वेगळा.

आणि लग्नच ज्यांना नाकारले, त्यांचे काय? राजन गवस यांची ‘चौंडकं’ ही कादंबरी १९८५ ची. सुली नावाच्या पोरीच्या केसांत जट निघते आणि तिला यल्लम्माला सोडतात. एकदा देवीची झाली की ती कुणाची बायको होऊ शकत नाही. लग्नाचा देखावा करून लग्नाचाच हक्क काढून घेणारी ही रीत! मुंबई प्रांताने १९३४ साली ती कायद्याने बंद केली होती, कर्नाटकाने १९८२ साली पुन्हा बंद केली. एकाच गोष्टीला दोनदा बंदी करावी लागते, यावरून काय समजावयाचे ते समजावे. यल्लम्माचे सौंदत्ती आपल्याच जिल्ह्यात आहे. निपाणीचे महादेव मोरे २०२४ साली वारले. पिठाची गिरणी चालवता चालवता त्यांनी तंबाखूच्या वखारीतल्या बाया, टॅक्सीवाले, देवदासी यांच्यावर आयुष्यभर लिहिले. त्यांची पुस्तके आपल्या अभ्यासक्रमात किती आली, हे ज्याने त्याने तपासावे.

शेवटी एका कन्नड कादंबरीविषयी, कारण ती आपल्या वयाच्या वाचकाला सर्वांत जवळची वाटेल. एस. एल. भैरप्पांची ‘वंशवृक्ष’ १९६५ ची. ती मराठीत आणली उमा कुलकर्णी यांनी. त्यांचा जन्मही बेळगावचा आणि या अनुवादाला १९८९ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कात्यायनीचा नवरा कपिला नदीत बुडून जातो. तान्हा मुलगा घरी ठेवून ती नंजनगूडहून म्हैसूरला कॉलेजात येऊ लागते. सासरे श्रीनिवास श्रोत्री विद्वान, सात्त्विक. तिला अडवीत नाहीत. तिथे राजा या प्राध्यापकावर तिचे मन बसते, ती त्याच्याशी लग्न करते. मुलगा मात्र सासऱ्यांच्याच घरी राहतो. पुढे तिचे गर्भ टिकत नाहीत, ती खंगत जाऊन मरते. लेखकाने तिला शिक्षा केली, असा आक्षेप घेता येतो आणि तो मला बराचसा पटतो. परंतु त्याच लेखकाने श्रोत्रींनाही सोडलेले नाही. ज्या वंशासाठी नातू राखला, त्या वंशाचे रक्त आपल्याच अंगात नाही, हे त्यांना उतारवयात कळते. वृक्षच मुळातून उपटला गेला. पण कात्यायनीला त्याचा काय उपयोग?

तिच्या उलट एम. के. इंदिरा यांची ‘फणियम्मा’, १९७६ ची. ही बालविधवा. सगळे सोवळे, सगळे नियम जन्मभर निमूट पाळलेली. घरातली तरुण विधवा दाक्षायणी केस काढू देणार नाही म्हणते, तेव्हा ही म्हातारी तिच्या बाजूने उभी राहते. ‘आम्ही नाही का सोसलं?’ हा आपल्या आत्या-मावशांचा हुकमी प्रश्न ती विचारत नाही. सोसलेल्या बाईने पुढचीला सोसावयास न लावणे, हे आपल्या कथा-कादंबऱ्यांतही फार थोड्या ठिकाणी सापडते. ‘फणियम्मा’वर कन्नड विभागातील कोणा मैत्रिणीने पुढील अंकात लिहावे. आम्ही मराठीवाले अक्षरे लावत लावत का होईना, ते वाचू.