परभणीचा मतदार आणि मोहल्ल्याची मोजदाद

निवडणुकीचा निकाल लागला कीं मोंढ्यांतील पेढ्यांवर आणि बाजारांतील दुकानांपुढें एकच हिशेब सुरू होतो : अमुक पेठ कोणाकडे गेली, तमुक मोहल्ला कोणीं फिरविला. तुरीचा भाव सांगावा तितक्या सहजपणें शेंकडों घरांच्या मनाचा भाव सांगितला जातो. परभणींत या हिशेबास ‘खान कीं बाण’ असें तीन शब्दांचें नांव पडलें असून, कैक निवडणुका याच तीन शब्दांवर लढविल्या गेल्या. हें सूत्र मतदारानें स्वखुशीनें पत्करलें, कीं तें त्याच्या गळ्यांत बांधलें गेलें, याचा विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

इतिहासाची साक्ष या सूत्राच्या विरुद्ध आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामी राजवटीखालीं असलेल्या या जिल्ह्यानें १९५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकींत शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांस लोकसभेंत पाठविलें. पुढें काँग्रेसचा काळ आला. १९७७ मध्यें पुनः शेतकरी कामगार पक्षाचे शेषराव देशमुख निवडून आले. १९८९ मध्यें शिवसेनेच्या पाठिंब्यानें अशोकराव देशमुख विजयी झाले, आणि १९९० पासून २०२४ पर्यंत परभणी शहराची विधानसभेची जागा शिवसेनेच्या नांवाबाहेर गेली नाहीं. येथवर पाहून कोणी म्हणेल कीं शहराचा कल ठरलेला आहे. परंतु याच शहरानें २०१७ मध्यें महानगरपालिकेच्या ६५ जागांपैकीं ३१ जागा काँग्रेसला दिल्या, आणि शिवसेनेस अवघ्या ६. तीच गल्ली, तींच घरें, तेच मतदार ! मग खरा कल कोणता समजावा ?

२०२४ सालानें तर या सूत्राचा पायाच उखडला. २०२३ च्या फेब्रुवारींत निवडणूक आयोगानें धनुष्यबाण श्री. एकनाथ शिंदे यांच्या पक्षास दिला. नंतर लोकसभेच्या निवडणुकींत श्री. संजय जाधव मशाल घेऊन उभे राहिले व श्री. महादेव जानकर यांचा त्यांनीं १ लक्ष ३४ हजारांहून अधिक मतांनीं पराभव केला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत विधानसभेसाठीं धनुष्यबाण पुनः परभणीच्या मैदानांत आला; पण श्री. राहुल पाटील यांच्या मशालीपुढें तो टिकला नाहीं. ज्या मोहल्ल्यांस बाणाचे जन्माचे वैरी म्हणून दाखविलें जात होतें, त्यांनीं कालपर्यंत बाण मिरविणाऱ्या उमेदवारांस आपलें म्हटलें. आणि ज्या पेठा बाणाच्या हक्काच्या समजल्या जात, त्यांतील अनेकांनीं बाणाकडे पाठ फिरविली. वैर रक्तांतलें असतें, तर तें एका चिन्हाच्या बदलानें विरघळलें असतें काय ? तुराबुल हक साहेबांच्या उरुसांत दरवर्षीं खांद्याला खांदा लावून चालणारे हे लोक मतदानाच्या दिवशींच एकमेकांचे शत्रु होतात, हें आम्हांस कधींच पटलें नाहीं.

मग ही फळी टिकते कशानें ? याचें एक कारण कायद्यांतच दडलें आहे. मतपत्रिकांच्या काळीं निरनिराळ्या केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. मतदानयंत्र आल्यापासून प्रत्येक केंद्राची मोजणी वेगळी होते व ती प्रसिद्धही होते. माणसाचें मत गुप्त राहतें, पण गल्लीचें मत चव्हाट्यावर येतें. मग जिंकणारा म्हणतो, त्यांनीं आम्हांस दिलें काय कीं आम्हीं त्यांची गटार बांधावी ? आणि हरणारा म्हणतो, सत्ताच नाहीं तर काय करूं ? यावर उपाय म्हणून अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखविणारें ‘टोटलायझर’ यंत्र निवडणूक आयोगानें २००८ मध्यें सुचविलें, व विधि आयोगानें २०१५ मध्यें त्यास दुजोरा दिला. पण सरकारनें तें मानलें नाहीं. कारण उघड आहे : गल्लीचा हिशेब बंद झाला, तर गल्लीवर रोष काढणें व गल्ली विकत घेणें हे दोन्ही धंदे बसतील. या सुधारणेची मागणी परभणीसारख्या शहरानें सर्वांआधीं करावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

परंतु कायदा बदलेपर्यंत मतदारानें हात जोडून बसावें असें नाहीं. कोणास तरी पाडण्यासाठीं दिलेल्या मताचा जाब मागतां येत नाहीं; कारण उमेदवार म्हणतो, तुम्हांस जें हवें होतें तें झालें, तो पडला. पाणी, दिवे व रस्ते यांसाठीं दिलेल्या मताचा जाब मात्र रोज मागतां येतो. येलदरीचें पाणी नळास येतांना खानाचें घर कोणतें व बाणाचें कोणतें हें विचारीत नाहीं. न येतांनाही विचारीत नाहीं. आमचे व्यापारी बंधु उधारीच्या वहींत गिऱ्हाइकाची जात लिहीत नाहींत, बाकी लिहितात. तीच वही त्यांनीं आपल्या प्रतिनिधीच्या नांवें उघडावी, आणि पुढील निवडणुकीपूर्वीं ती एकवार वाचून पाहावी.