नर्सबाईंना हे कुणी शिकवले?

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. कळमनुरी तालुक्यातील एका खेड्यात माझी चुलत बहीण दिलेली आहे. सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे गेलो होतो. थंडी कडाक्याची होती आणि घरात चुलीचा धूर कोंडलेला. चहा होतो न होतो तोच शेजारची तरुण सून आठ महिन्यांचे लेकरू छातीशी धरून दारात उभी राहिली.

"मामा, लेकरू दोन दिसापासून धापा टाकतंय. सासूबाई म्हणतात डबा झालाय. पोट बघा कसं उडतंय."

आदल्या दिवशी जवळच्या बाजारगावी कुण्या 'डॉक्टर' म्हणवणाऱ्या माणसाने सुई टोचली होती, लाल औषधाची बाटली दिली होती आणि दोनशे रुपये घेतले होते. सासूबाईंनी तर बिब्बा तापवून पोटावर चटका द्यायची तयारी चालवली होती. माझ्या बहिणीने मात्र शहाणपण केले. ती म्हणाली, "आधी नर्सबाईला दाखवू."

उपकेंद्राच्या नर्सबाई म्हणजे तिशीतली एक साधी मुलगी. तिने ना छातीला नळी लावली, ना फोटो काढायला सांगितला. लेकराला आईच्या मांडीवर शांत होऊ दिले, अंगडे वर केले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाची हालचाल मोजली. मग म्हणाली, "चौसष्ट. पन्नासच्या आत पाहिजे होते. शिवाय बरगडीखाली खड्डा पडतोय. हा न्यूमोनिया आहे, दवाखान्यात न्यावंच लागेल." तिने औषधाचा पहिला डोस दिला, चिठ्ठी लिहिली आणि १०८ क्रमांकाला फोन लावला. सासूबाईंना हात जोडून म्हणाली, "आजी, चटका देऊ नका. लेकरू आधीच थकलंय."

लेकराला ऑक्सिजन लावावा लागला. पाच दिवसांनी ते आईचे दूध ओढू लागले, आठवड्याने घरी आले.

मी कारकून माणूस. आकडे मांडण्यात आयुष्य चालले आहे. पण एका मिनिटात मोजलेल्या चौसष्ट या आकड्याने एक जीव वाचतो, हे मी पहिल्यांदा पाहिले. नर्सबाईंना विचारले, "ताई, तुम्हाला हे कुणी शिकवले?" ती म्हणाली, "ट्रेनिंगमध्ये शिकवलं." मग त्या ट्रेनिंगवाल्यांना कुणी शिकवले? हा प्रश्न डोक्यातून जाईना. वाचत गेलो, जाणत्यांना विचारत गेलो. जे हाती लागले ते आपल्या वाचक बंधू-भगिनींना सांगावे म्हणून आजचे हे सदर.

हा आकडा आकाशातून पडलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला पापुआ न्यू गिनी नावाचा डोंगराळ आणि गरीब देश आहे. डॉक्टर थोडे, क्ष-किरण यंत्रे त्याहून थोडी. खेड्यापाड्यांतले दवाखाने नर्सच चालवतात. तिथल्या गोरोका गावच्या रुग्णालयात डॉ. फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न हाती घेतला. खोकला घेऊन आलेल्या शंभर मुलांपैकी औषध कुणाला द्यायचे आणि भरती कुणाला करायचे, हे नर्सने नुसत्या डोळ्यांनी कसे ओळखावे? उत्तर निघाले ते असे : श्वास मोजा आणि छाती आत ओढली जाते का ते पहा. १९८४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात हे काम छापून आले.

पुढे आपल्याच देशात, तामिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी हे निकष तपासले. वर्षाच्या आतील बाळाला पन्नास आणि त्याहून मोठ्या मुलाला चाळीस, असा फरक करावा हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. १९८८ साली तो 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापला गेला. आज जगभर नर्सना शिकवले जातात ते आकडे असे आहेत : दोन महिन्यांच्या आतील बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दाम्पत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परत आले आणि १९८६ साली गडचिरोलीत त्यांनी 'सर्च' ही संस्था काढली. तिथे त्यांच्यापुढे अडचण निराळीच होती. गावात नर्सही पोहोचत नव्हती. होत्या त्या दाया, आणि त्यांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. चाळीस-पन्नासपर्यंत मोजणार कशा? मग एक साधन तयार झाले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सोबत तारेत ओवलेले मणी. ठरावीक श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया. झाले निदान!

या दाया, गावचे आरोग्यसेवक आणि निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांनी ५८ गावांत मुलांवर उपचार केले. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. या गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी शेकडा एकही दगावले नाही. ते प्रमाण ०.८ टक्के होते. शेजारच्या तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. न्यूमोनियाने होणारे एकूण बालमृत्यूही निम्म्याहून कमी भरले. ज्या बाईला आपण 'अडाणी' म्हणून ओट्यावर बसवतो, तिने हे करून दाखवले.

गडचिरोलीचे काम गडचिरोलीतच राहिले नाही. घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची तिथली पद्धत पुढे देशाने स्वीकारली. २०११ पासून आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्यामागे तो अनुभव आहे. २०१९ साली केंद्र शासनाने न्यूमोनियाविरुद्ध 'सांस' मोहीम सुरू केली, तिच्यातही नर्स आणि आशा यांना श्वास मोजायलाच शिकवतात.

म्हणजे पाहा, पापुआ न्यू गिनीच्या डोंगरातून निघालेली विद्या वेल्लोर, जिनिव्हा आणि गडचिरोली करीत आमच्या कळमनुरी तालुक्यातल्या नर्सबाईच्या मनगटापर्यंत आली. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर विमानातून उतरलेला गोरा साहेब आणि त्याने दिलेली देणगी उभी राहते. पण इथे गरीब देशाच्या दवाखान्यातले शहाणपण साऱ्या जगाने घेतले. देणारा हात नेहमी श्रीमंताचाच असतो असे नाही.

आणखी एक उदाहरण देतो. दम्याच्या मुलाला पंपाचे औषध नीट आत जावे म्हणून स्पेसर नावाची नळी लागते. ती विकत घेणे गरिबाला जड जाते. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या डॉ. हेदर झार यांनी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीला नीट बसेल असे भोक पाडून स्पेसर केला आणि तो विकतच्या इतकाच उपयोगी ठरतो, हे १९९९ साली दाखवून दिले. भोक कसे पाडायचे, तोंड कसे धरायचे हे मात्र नर्सनेच दाखवावे लागते. घरच्या घरी अंदाजाने करू नये.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. कोरोनाच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघर आले. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ सालची. फार उपकारक यंत्र. पण २०२० साली अमेरिकेत असे आढळले की, यंत्र ठीक आकडा दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असण्याचा प्रकार काळ्या रुग्णांत गोऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट होता. कातडीच्या रंगाने यंत्रही फसते! आपण उन्हातान्हात राबणारी, सावळ्या-काळ्या रंगाची माणसे. आकडा पंचाण्णव दिसतो म्हणून धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्याला घरी पाठवू नये, यंत्राबरोबर माणसाकडेही पाहावे, हे आपल्या नर्सला कुणी शिकवायचे? बाहेरचे ज्ञान घ्यावे ते असे, तपासून.

आता मूळ दुखण्यावर येतो. माझी पुतणी एका खाजगी संस्थेत जी.एन.एम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बापाने हळदीच्या हंगामात रात्रंदिवस राबून तिची फी भरली. मी तिला कौतुकाने विचारले, "बाई, दम्याचा पंप कसा घ्यायचा ते दाखव बरे." ती खाली मान घालून म्हणाली, "काका, वहीत उतरवून घेतलंय. दहा मार्काला येतं. पण पंप हातात कुणी दिलाच नाही." मला त्या रात्री झोप लागली नाही. पोरीचा दोष नाही. पण उद्या हीच मुलगी एखाद्या उपकेंद्रात बसेल, दारात चौसष्ट श्वासांचे लेकरू येईल, आणि तेव्हा वही उपयोगी पडणार नाही.

आपल्या जिल्ह्याला हे प्रशिक्षण लागणार नाही असे कुणी म्हणू नये. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, सगळ्यांना अभिमान वाटला. पण ती हळद शिजवताना धूर कोण खातो? पॉलिशच्या ड्रमसमोर तोंडाला रुमाल बांधून धूळ कोण गिळतो? चुलीपुढे जन्म काढलेल्या आमच्या मायबहिणींची धाप 'वयाची' म्हणून सोडून दिली जाते. तो बऱ्याचदा सीओपीडी असतो, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या आकसण्याचा आजार. बिडी न ओढताही तो होतो.

भीमा कोरेगावला जाणाऱ्या आपल्या माणसांना शेजारचे वढू बुद्रुक चांगले ठाऊक आहे. त्या गावात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्य केंद्र आहे. २०१७ पासून ब्रिटनमधील एडिंबरा विद्यापीठाच्या 'रेस्पायर' या उपक्रमात केईएमचे संशोधन केंद्र बांगलादेश, पाकिस्तान, मलेशिया येथील संस्थांबरोबर सहभागी झाले. विषय हेच : मुलांचा न्यूमोनिया, दमा, सीओपीडी आणि दमछाक झालेल्या रुग्णाला व्यायाम व शिकवणीने पुन्हा चालते-फिरते करणे. हे शेवटचे काम महागड्या औषधाचे नाही. रुग्णाजवळ बसून, दर आठवड्याला विचारपूस करून करायचे आहे. म्हणजे नर्सच्या हातचे. वढूला जे होऊ शकते ते हिंगोलीला का होऊ नये? २०२४ साली आपल्या जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. तिथे होणाऱ्या डॉक्टरांबरोबरच जिल्ह्यातल्या नर्सना श्वसनरोगांचे हातात साधन देऊन शिक्षण मिळावे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

सहकार्याचा दुसराही एक प्रकार आहे. २०२४ सालीच महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत. आपल्या मुली परदेशी जाणार असतील तर जरूर जाव्यात. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली पोर जर्मनीत सिस्टर म्हणून मानाने वावरेल याचा आनंद कुणाला होणार नाही? पण सहकार्य म्हणजे नुसती नर्स तिकडे नेणे नव्हे. तिकडची विद्या इकडच्या नर्सच्या हातात येणेही तितकेच गरजेचे आहे. नाही तर जर्मनीच्या म्हाताऱ्यांचे श्वास मोजले जातील आणि आमच्या खेड्यातले लेकरू बिब्ब्याच्या चटक्यावर राहील.

म्हणून आई-वडिलांना सांगणे आहे. मुलीला नर्सिंगला घालताना फी विचारता, तसेच दोन प्रश्न आणखी विचारा. संस्थेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? आणि मुली प्रत्यक्ष कोणत्या रुग्णालयात, किती खाटांवर काम शिकणार? उत्तर टाळले तर समजून घ्या. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींनो, वहीवर थांबू नका. "मॅडम, मला करून बघू द्या" असे म्हणायला लाजू नका.

आणि घरातल्या सर्वांसाठी : लेकरू खोकत असेल आणि भराभर श्वास घेत असेल तर ते शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. आकडा वर सांगितल्यापेक्षा जास्त असेल, छाती आत ओढली जात असेल, लेकरू दूध पीत नसेल, झटके येत असतील किंवा मलूल पडले असेल तर सकाळची वाट पाहू नका. सुईवाल्याकडे नाही, सरकारी दवाखान्यात. पंप लागला की सुटत नाही, ही भीतीही सोडा. पंपात औषध थोडे असते आणि ते थेट फुफ्फुसात जाते.

मागच्या महिन्यात पुन्हा बहिणीकडे गेलो होतो. ते लेकरू आता अंगणात कोंबडीमागे पळते. त्याच्या आजीने मला बोलावून सांगितले, "गल्लीतल्या कुण्या लेकराला खोकला झाला की मी सुनेला म्हणते, घड्याळ आण, मोज."

आजीला हे कुणी शिकवले, ते आता मला विचारावे लागले नाही.