एकाच कायद्यातली दोन वचने

अमेरिकेच्या काँग्रेसने १९६२ साली व्यापारविस्तार कायदा मंजूर केला, तेव्हा त्यात दोन तरतुदी एकत्र नांदत होत्या. एक म्हणजे कलम २३२. एखाद्या मालाच्या आयातीमुळे राष्ट्रीय सुरक्षेला धोका असेल, तर ती आयात रोखण्याचा अधिकार या कलमाने अध्यक्षांना दिला. दुसरी तरतूद कामगार-साहाय्याची होती. परदेशी मालामुळे ज्याची नोकरी जाईल त्याला भत्ता आणि नवे काम शिकण्यासाठी मदत मिळायची होती. पहिले वचन कारखान्याला होते, दुसरे माणसाला. साठ वर्षांनी दोन्हींची अवस्था काय आहे? कलम २३२ खाली मार्च २०१८ मध्ये पोलादावर २५ टक्के आयातशुल्क बसले. जून २०२५ मध्ये ते ५० टक्के झाले, आणि या वाढीची घोषणा पिट्सबर्गजवळच्या एका पोलाद कारखान्यात, कामगारांच्या सभेत झाली. कामगार-साहाय्याच्या योजनेची मुदत मात्र ३० जून २०२२ रोजी संपली. काँग्रेसने ती वाढवली नाही, आणि नव्याने बेकार होणाऱ्यांना ते दार बंद झाले. या दोन वचनांच्या दैवातला फरक हाच या लेखाचा विषय आहे. आयातशुल्क पोलादाला आधार देऊ शकते, पण त्याने पोलाद कामगाराला आपोआप आधार मिळत नाही. कामगाराला दिलेले वचन त्याच्याच नावावर आणि कायद्यात लिहिलेले असावे लागते.

आधी पूर्वपक्ष नीट ऐकला पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. १९ सप्टेंबर १९७७ च्या सोमवारी ओहायोतल्या यंग्सटाउनजवळचा कॅम्पबेल वर्क्स हा कारखाना बंद होत असल्याचे जाहीर झाले आणि सुमारे पाच हजार कामगारांच्या पोटावर पाय आला. त्या भागात तो दिवस आजही काळा सोमवार म्हणूनच ओळखला जातो. कारखान्यामागोमाग दुकाने गेली, पालिकेचा महसूल गेला, तरुण पिढी गाव सोडून गेली. आज जगातले निम्म्याहून अधिक पोलाद एकटा चीन बनवतो. २०२४ मध्ये त्याची पोलाद निर्यात दहा कोटी टनांच्या वर होती, आणि तिथली उत्पादनक्षमता सरकारी पैशाच्या बळावर वाढलेली आहे. अशा स्पर्धेला न्याय्य स्पर्धा म्हणता येत नाही. तेव्हा शुल्काची भिंत बांधून आपल्या भट्ट्या वाचवल्या तर त्यात गैर काय, असा प्रश्न संरक्षणवादी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण भिंत बांधल्याने भट्टीवरचा माणूस वाचला का, हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

पहिला आक्षेप निदानावरच आहे. पोलादातले रोजगार मुख्यतः आयातीने खाल्ले, हे गृहीतक पुराव्यावर टिकत नाही. ॲलन कोलार्ड-वेक्सलर आणि यान डी लोकर या अर्थतज्ज्ञांनी १९६२ ते २००५ या काळाचा अभ्यास केला. त्या काळात अमेरिकी पोलाद उद्योगातले सुमारे चार लाख, म्हणजे जवळजवळ तीन-चतुर्थांश रोजगार गेले. कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या मालाचे प्रमाण मात्र शेवटी जवळपास पहिल्याइतकेच होते. हा बदल घडवला छोट्या पोलाद गिरण्यांनी. खनिज आणि कोक घालून रात्रंदिवस पेटती ठेवावी लागणारी अजस्र झोतभट्टी त्यांना लागत नाही. त्या भंगार गोळा करतात, विजेच्या भट्टीत वितळवतात आणि थोड्या माणसांत सळ्या किंवा पत्रा काढतात. आज अमेरिकेतले सुमारे ७० टक्के पोलाद विजेच्या भट्टीत तयार होते. वेल्समधल्या पोर्ट टॅलबोटला टाटा स्टीलने सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटची झोतभट्टी विझवली. ५० कोटी पौंडांची सरकारी मदत घेऊन तिथे विजेची भट्टी उभी राहते आहे, पण या बदलात सुमारे २,८०० नोकऱ्या जाणार हे आधीच सांगितले गेले होते. बंदरात अडवलेले जहाज कारखान्याच्या आत बदललेल्या भट्टीला अडवू शकत नाही. अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यांतला रोजगार २०१८ च्या आधीही ऐंशी-पंचाऐंशी हजारांच्या घरात होता, नंतरही तिथेच घुटमळला.

दुसरा आक्षेप असा की या भिंतीचा खर्च दुसऱ्या कामगाराच्या खिशातून येतो. खिळ्याचे उदाहरण घ्या. मिसूरी राज्यात पॉपलर ब्लफ नावाच्या गावी मिड कॉन्टिनेंट हा अमेरिकेतला सर्वांत मोठा खिळ्यांचा कारखाना आहे. पोलादी तार आणायची, ती ओढून बारीक करायची, तोडायची, डोके ठोकायचे आणि टोक काढायचे, हे त्याचे काम. २०१८ मध्ये बाहेरून येणाऱ्या तारेवर २५ टक्के शुल्क लागले, तयार खिळ्यावर लागले नाही. म्हणजे परदेशी खिळा जुन्याच भावात येत राहिला आणि इथला खिळा महागला. काही आठवड्यांत कारखान्याच्या जवळजवळ निम्म्या मागण्या गेल्या आणि पाचशेपैकी साठ कामगारांना घरी बसावे लागले. जानेवारी २०२० मध्ये सरकारने खिळ्यांवरही शुल्क लावले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पोलाद आणि ॲल्युमिनियमपासून बनणाऱ्या आणखी ४०७ प्रकारच्या वस्तू या यादीत आल्या. एक ठिगळ लावले की शेजारची शिवण उसवते, तिथे दुसरे लावावे लागते. पोलाद वापरणाऱ्या उद्योगांतले कामगार पोलाद बनवणाऱ्यांच्या सुमारे ऐंशी पट आहेत, असा एका अभ्यासाचा हिशेब आहे. खुद्द अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये नोंदवले की या शुल्कांमुळे पोलाद आणि ॲल्युमिनियम वापरणाऱ्या उद्योगांचे उत्पादन वर्षाला सरासरी सुमारे ३४० कोटी डॉलरनी घटले. हे घटलेले उत्पादनही कुणाच्या तरी हातचे कामच होते.

यावर कोणी म्हणेल, की खर्च झाला तरी चालेल, निदान पोलाद कामगाराचे तरी भले झाले. इतिहास याला दुजोरा देत नाही. मार्च २००२ मध्ये जॉर्ज बुश यांनी पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत शुल्क लावले होते, आणि ते डिसेंबर २००३ पर्यंत टिकले. ती भिंत उभी असतानाच बेथलहेम स्टील या दिवाळखोर कंपनीच्या सुमारे ९५ हजार निवृत्त कामगारांचे आणि त्यांच्या कुटुंबीयांचे आरोग्यविम्याचे छत्र २००३ च्या वसंतात काढून घेतले गेले. निवृत्तिवेतनाचा बोजा सरकारी हमी महामंडळावर गेला. भट्ट्या आणि गिरण्या विल्बर रॉस यांच्या कंपनीने निवृत्तांची जुनी देणी न घेता विकत घेतल्या, आणि पुढे ती कंपनी सुमारे साडेचार अब्ज डॉलरना मित्तल समूहाकडे गेली. हेच रॉस २०१८ मध्ये वाणिज्यमंत्री होते आणि कलम २३२ खालच्या शुल्काची शिफारस त्यांच्याच खात्याने केली. व्यवहार कायदेशीर होता आणि कारखाने चालू राहिले, हे मान्य. पण शुल्काने वाढलेली किंमत कारखान्याबरोबर नव्या मालकाकडे गेली, आणि तीस वर्षे भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस रिकाम्या हाताने राहिला.

मग खुल्या व्यापाराच्या पुरस्कर्त्यांचे बरोबर होते का? त्यांचा पक्षही मला मान्य नाही. व्यापाराने देशाचा एकूण फायदा होतो आणि ज्यांचे नुकसान होईल त्यांना त्यातून भरपाई देता येते, असे त्यांनी दशकानुदशके सांगितले. ‘देता येते’ आणि ‘दिली’ यांतले अंतर त्यांनी कधी मोजले नाही. कामगार-साहाय्याच्या योजनेत पहिली काही वर्षे एकही अर्ज मंजूर झाला नाही, इतक्या तिच्या अटी जाचक होत्या. १९७४ मध्ये त्या सैल झाल्या, पण योजना कायम तुटपुंजीच राहिली आणि अखेर बंद पडली. म्हणूनच शुल्काला मत देणाऱ्या कामगाराला अडाणी ठरवणे हा मोठा अन्याय आहे. डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये दाखवले, की २०१८-१९ च्या शुल्कांनी संरक्षित उद्योगांच्या भागांत रोजगार वाढला नाही, तरी तिथला रिपब्लिकन पक्षाचा पाठिंबा मात्र वाढला. मी याचा अर्थ असा लावतो, की आपल्या दुखण्याचे नाव भर सभेत घेणाऱ्याला माणसे जवळचा मानतात. तेवढ्याने दुखणे बरे होत नाही, पण ज्यांनी ते नावही घेतले नाही त्यांना तक्रारीचा अधिकार नाही.

खंडन इथे थांबले तर ते अर्धेच ठरेल. माझे मंडन असे, की संरक्षण द्यायचे असेल तर जरूर द्यावे, पण अटींवर आणि मुदतीवर द्यावे. शुल्काच्या आडोशाने कंपनीचा भाव वाढत असेल, तर त्या काळात निवृत्तिवेतनाचा निधी पूर्ण भरलेला असला पाहिजे, बंदची सूचना वर्षभर आधी मिळाली पाहिजे आणि मालक बदलला तरी कामगारांची देणी कारखान्याबरोबर गेली पाहिजेत. शुल्कातून आलेल्या महसुलाचा ठरलेला वाटा खिळेवाल्यासकट सगळ्या विस्थापित कामगारांच्या साहाय्याला जोडला पाहिजे. अशा अटींनी भांडवल पळून जाईल, हा नेहमीचा आक्षेप आहे. त्याचे उत्तर इलिनॉयमधल्या ग्रॅनाइट सिटीत मिळते. २०१८ मध्ये शुल्कानंतर तिथली विझलेली भट्टी पेटली, तेव्हा अध्यक्ष स्वतः तिथे गेले. २०२३ मध्ये तिथली भट्टी पुन्हा थंड झाली, तेव्हाही शुल्क कायद्यात होतेच. सप्टेंबर २०२५ मध्ये, शुल्क ५० टक्के असताना, मालक असलेल्या युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीने तिथले उरलेले काम थांबवायचे ठरवले. तो निर्णय फिरला तो अशा निर्णयांवर सरकारला नकाराधिकार देणाऱ्या विशेष भागाधिकारामुळे. निप्पॉन स्टीलने युनायटेड स्टेट्स स्टील विकत घेताना ही अट जून २०२५ मध्ये मान्य केली होती, आणि तरीही १४.९ अब्ज डॉलर मोजले होते. म्हणजे अटी घालता येतात, आणि भांडवल त्या पाळूनही येते. फक्त त्या अटींची दोरी आज अध्यक्षांच्या हाती आहे. तिचे एक टोक कामगार संघटनेच्या हाती कायद्याने दिले पाहिजे.

मुंबईला हे वेगळे सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर कापड गिरण्या मोडल्या, आणि १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा घरांसाठी म्हाडाला, एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला ठरवून दिला. २००१ मध्ये त्या नियमातले शब्द बदलले. वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त रिकाम्या जमिनीची राहिली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. घराचे वचन कुणी उघडपणे मोडले नाही. त्याखालची जमीन तेवढी एका शब्दाने आटली. एप्रिल २०२५ मध्ये भारतानेही सपाट पोलादावर १२ टक्के संरक्षक शुल्क लावले. जालन्यात भंगारातून सळी काढणाऱ्या गिरणीशी त्याचा थेट संबंध नाही, पण भोसरी-चाकणला पत्रा कापून सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्याला त्याची झळ सर्वांत आधी लागते. तिथल्या कंत्राटी कामगाराच्या नावाने त्या अधिसूचनेत एक ओळही नाही. दर किती टक्के असावा यावर आपण पुष्कळ वाद घालू. त्याआधी त्या कागदावर कामगाराचे नाव कुठे आहे हे विचारायला हवे. ते नाव नसेल, तर सभेत कितीही टाळ्या पडोत, ते वचन कामगाराला दिलेलेच नाही.